पिवळा दिवा आणि सदाचा फोटो

आपल्याकडे काही बिघडलं की आधी माणूस शोधला जातो, बिघाड नंतर. घरात दूध नासलं की सुनेकडे बघायचं, ऑफिसात फाइल सापडेना की शिपायाला उभं करायचं आणि ट्रक बंद पडला की ड्रायव्हरची कॉलर धरायची. ही सवय आपल्या अंगात इतकी मुरली आहे की तिला आपण सवयसुद्धा म्हणत नाही. अनुभव म्हणतो! मोरूशेठ घरतही तेच म्हणायचे.

मोरूशेठचं ऑफिस म्हणजे न्हावा शेव्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, त्यांच्याच यार्डात ठेवलेला एक जुना कंटेनर. त्याला कापून खिडकी केलेली, आत एसी, भिंतीवर एकवीरा आईची तसबीर. आजोबा मिठागरात राबले, वडिलांनी पहिला ट्रक घेतला आणि मोरूशेठनी त्या एकाचे सहा केले. माणूस कष्टाळू, यात वादच नाही. पण कान हलके आणि तोंडाला लगाम नाही.

त्या सकाळी त्यांचा आवाज रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीपर्यंत जात होता.

“डिझेलमदी काय टाकलंस ते आधी सांग!”

समोर सदा मांडवकर उभा होता. म्हसळ्याच्या आतल्या बाजूचा, भातशेतीवाल्या घरातला. आठ वर्षं मोरूशेठच्या ट्रकवर होता आणि या आठ वर्षांत त्याने गाडीला ओरखडा काढला नव्हता.

“काय टाकनार शेठ?” सदा म्हणाला. “दसरा झाला आन् तिसऱ्या दिवशी चेक लाइट पेटली. त्याच दिवशी मी तुमाला फोन केला. दुसऱ्या दिवशी परत केला. तुमी काय केलंत? स्टिकर लावलंत.”

हे खरं होतं. ट्रकमध्ये स्टिअरिंगसमोरच्या काट्यांशेजारी इंजिनाच्या आकाराचा एक पिवळा दिवा असतो. इंजिनात काही चुकतंय, बघा, एवढंच तो सांगतो. तो दिवा सारखा पेटलेला बघून मोरूशेठना वैताग आला होता. त्यांनी देवीचं स्टिकर आणलं, बरोबर दिव्यावर चिकटवलं आणि म्हणाले, “आईचं लक्ष हाय. चल, गाडी काढ.” सदाने गाडी काढली. मग काल, पेणकडून भरलेला कंटेनर घेऊन येताना, कर्नाळ्याच्या खिंडीत ट्रकची ताकदच गेली. मागे गाड्यांची रांग लागली, लोकांनी शिव्या घातल्या, कंटेनर बंदरात उशिरा पोचला आणि जहाज निघून गेलं. माल ज्याचा होता त्याने मोरूशेठना फोनवर नको नको ते ऐकवलं.

ते ऐकून तापलेल्या मोरूशेठनी एका ओळखीच्या गॅरेजवाल्याला फोन लावला. त्या शहाण्याने ना गाडी पाहिली, ना केबिन उचलून इंजिन पाहिलं. फोनवरच निकाल दिला, “चढावर गाडी मरते म्हणजे डिझेलात गडबड. ड्रायव्हर डिझेल काढत असेल आणि वर रॉकेल ओतत असेल.”

झालं! मोरूशेठना माणूस मिळाला.

“चावी ठेव,” ते म्हणाले. सदाने चावी टेबलावर ठेवली. तो मान वर करतोय तोच मोरूशेठनी फोन समोर धरला आणि त्याचा फोटो काढला. ट्रकमालकांच्या ग्रुपवर तो गेला, खाली दोन ओळी: ‘डिझेलचोर. याला कोणी गाडी देऊ नका.’

“शेठ, आवो तपासून तरी बघा!” सदाचा आवाज चिरकला.

“तुमी खाडीपल्याडची मानसा. गोड बोलता अन् टाकी चाटता. नीघ!”

वाचकहो, या शेवटच्या वाक्याचा मला फार राग आहे. एका माणसावरचा संशय पुरेना, म्हणून त्याचा अख्खा मुलूख त्यात ओढला.

*

दुपारच्या जेवणापर्यंत तो फोटो करळ फाट्यापासून पळस्पे नाक्यापर्यंत पोचला होता. दुसऱ्या दिवशी सदा चार यार्डांत गेला. एका ठिकाणी वॉचमननेच फोन काढून फोटोशी चेहरा ताडून पाहिला आणि फाटक लावून घेतलं. चौथ्या ठिकाणी एक जुना दोस्त भेटला, तोही इकडेतिकडे बघत म्हणाला, “सदा, नंतर ये. आत्ता नको.”

फाट्याजवळच्या भाड्याच्या खोलीत बायको केसर वाट बघत होती. तिला नळावर एकीने विचारलं होतं, तुझ्या घरात रॉकेल मिळेल का म्हणून! बाकीच्या हसल्या होत्या. संध्याकाळी म्हसळ्याकडून, तिच्या माहेराहून भावाचा फोन आला. फोटो खाडी ओलांडून तिकडेही गेला होता.

केसरने फोन ठेवला आणि नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

“एकदाच इचारते. केलाव का?”

“न्हाय.”

“मग तोंड लपवून का बसलाव? चोरागत?”

चोर नसलेल्या माणसाला चोरासारखं बसायला लावता येतं, हे सदाला त्या दिवशी कळलं.

इकडे यार्डात मोरूशेठनी टाकी रिकामी करून जुनं डिझेल एका ड्रममध्ये काढून ठेवलं. नवं डिझेल भरलं, दुसरा ड्रायव्हर बसवला. गाडी सुटली आणि पहिल्याच चढावर पुन्हा मेली. स्टिकरच्या कडेने पिवळा उजेड तसाच झिरपत होता. खरं म्हणजे इथेच त्यांना शंका यायला हवी होती. नाही आली. “जाताना काहीतरी करून गेला हरामखोर,” असं म्हणून त्यांनी कोकिळाबाईंना फोन लावला.

कोकिळाबाई म्हणजे फाट्यावरच्या वायरमन. ट्रकच्या लायनीत गाडीची वायरिंग बघणाऱ्याला वायरमनच म्हणतात, मग ती बाई का असेना. नवऱ्याच्या हाताखाली काम शिकल्या, तो गेल्यावर दुकान त्यांनीच चालवलं आणि संगणकवाल्या नव्या गाड्या आल्या तेव्हा पन्नाशीत गाडीतला दोष वाचणारा स्कॅनर शिकल्या. आईबापांनी नाव कोकिळा ठेवलं होतं, पण बोलायला लागल्या की समोरच्याला पळायला वाट मिळत नसे.

“सदा मांडवकरची गाडी ना?” त्या फोनवर म्हणाल्या. “येते. पण त्याला बोलवा.”

“त्याला कनाला? तो चोर हाय.”

“मग तर हवाच. मोरूशेठ, ज्याच्यावर आळ घेतला त्याच्या माघारी तपासणी केली तर ती तपासणी नाही होत, चुगली होते. तो समोर नसेल तर मी केबिन उचलणार नाही. दुसरा वायरमन बघा.”

दुसरा वायरमन नव्हता. निदान त्या स्कॅनरवाला नव्हता. मोरूशेठ चरफडले, पण निरोप पाठवला.

*

सदा आला आणि बरोबर केसरही आली. कुणी तिला बोलावलं नव्हतं. तिला बस म्हणायची कुणाची हिंमतही झाली नाही. ती ट्रकच्या पुढच्या चाकाशी उभी राहिली ती शेवटपर्यंत. यार्डातले दोन-चार ड्रायव्हर लांबून बघत होते. ऑक्टोबरचं ऊन पत्र्यावर तापत होतं.

कोकिळाबाई केबिनमध्ये चढल्या. पहिल्यांदा त्यांनी ते स्टिकर नखाने हळूच सोडवलं, कपाळाला लावलं आणि समोरच्या काचेवर वरच्या बाजूला नीट चिकटवलं.

“आईला सगळं दिसलं पाहिजे, मोरूशेठ. तुम्ही तिचाच पडदा केलात.”

मग स्कॅनर जोडला. “आता चावी ऑन करते. इंजिन चालू करत नाही. गाडी कधीपासून बंद आहे?”

“कालपासून,” मोरूशेठ तुटकपणे म्हणाले.

“म्हणजे इंजिन थंडगार. आता नीट ऐका, नंतर मला परत सांगायला लावू नका. या इंजिनात डिझेल मोठ्या दाबाने आत जातं. दाब किती आहे ते सांगायला एक सेन्सर बसवलेला असतो, अंगठ्याएवढा. तो जे सांगेल त्यावर गाडीचा संगणक चालतो. त्याला दाबात गडबड दिसली की तो दिवा लावतो आणि गाडीची ताकद कमी करतो, इंजिनाची वाट लागू नये म्हणून. इंजिन कालपासून बंद आहे. मग आत्ता दाब किती असायला पाहिजे?”

“काय नाय. शून्य,” मोरूशेठ म्हणाले. ट्रकच्या धंद्यात केस पिकलेले, तेवढं त्यांना कळत होतं.

“वाचा.” कोकिळाबाईंनी स्कॅनर त्यांच्या हातात दिला.

मोरूशेठनी वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं. पडद्यावर दोनशेच्या आसपास आकडा होता. तो एकशे सत्तरवर आला, परत दोनशेदहावर उडाला.

“यो कसा काय?”

“मी तेच विचारते. बंद इंजिनात एवढा दाब कुठून आला? सदाने घरून आणला?”

लांबच्या ड्रायव्हरांतला एक जण हसला. मोरूशेठनी तिकडे डोळे वटारले.

“सेन्सर खोटं बोलतोय, मोरूशेठ! डिझेल नाही, पंप नाही, ड्रायव्हर नाही. हा अंगठ्याएवढा तुकडा संगणकाला खोटं सांगतोय, संगणक घाबरून गाडीचा गळा दाबतोय, आणि तुम्ही त्या सगळ्याचा राग काढलात माणसावर.”

“तुमी काय पन बोलू नका,” मोरूशेठ उसळले. “जुना डिझेल खराब नव्हता कशावरून?”

“ड्रम कुठाय?”

ड्रम यार्डाच्या कोपऱ्यात तसाच उभा होता. आत काय आहे हे इतक्या दिवसांत एकानेही झाकण काढून पाहिलं नव्हतं. कोकिळाबाईंनी नळी घालून तळातलं डिझेल काचेच्या बाटलीत घेतलं आणि ती बाटली ट्रकच्या बंपरवर उन्हात ठेवली. सगळे बघत राहिले. पाण्याचा थर नाही, गाळ नाही. त्यांनी बाटली केसरच्या हातात दिली.

“हुंगून बघ गं. रॉकेलचा वास येतो?”

केसरने वास घेतला. “न्हाय,” ती म्हणाली आणि बाटली मोरूशेठच्या नाकासमोर धरली. “तुमी बी घ्या, शेठ. घ्या ना!”

मोरूशेठनी तोंड फिरवलं. पण वास त्यांनाही आला होता, आणि तो निव्वळ डिझेलचा होता.

मग केबिन उचलली. कोकिळाबाईंनी सेन्सरचं वायरीचं सॉकेट सोडवलं आणि उन्हाकडे धरलं. आतल्या पितळी पिनांवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी खपली धरली होती. सेन्सरच्या तोंडातही तेच. त्यांनी नखाने थोडी खपली काढून जिभेला लावली आणि थुंकली.

“मीठ.”

त्यांनी सॉकेट मोरूशेठच्या पुढ्यात धरलं.

“खाडीजवळ गाडी असली की थोडंफार होतं. पण एवढं? हे आत पाणी मारल्याशिवाय होत नाही. दसऱ्याला गाडी धुतली कोणी?”

मोरूशेठ चष्मा पुसायला लागले. एक ड्रायव्हर पुटपुटला, “शेठनी स्वतः. स्टेटसला पन होता.”

सगळ्यांनी पाहिलेला होता तो व्हिडिओ. मोरूशेठ उपरणं कमरेला बांधून, मोटर लावून, भरतीचं पाणी थेट इंजिनावर मारताहेत, आणि मागे ढोल-ताशा! घरतांच्या घरची ती रीतच होती. आजोबा दसऱ्याला मिठागरातली अवजारं खाडीच्या भरतीच्या पाण्याने धुवायचे. ज्या पाण्याने पोट भरतं त्याच पाण्याने हत्यार धुवायचं. मोरूशेठ ती रीत दरवर्षी न चुकता पाळत. इतकी वर्षं जुन्या, साध्या इंजिनाचे ट्रक होते, निभावून गेलं. हा ट्रक नवा, वायरींनी भरलेला. तो पहिल्याच दसऱ्याला फसला.

“आमचे आज्यापासूनची रीत हाय ती!” मोरूशेठ ओरडले. पण आवाजात आता जोर नव्हता.

“रीत चांगली होती,” कोकिळाबाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा सूर खाली आला. “तुमच्या आज्याची फावडी लाकडाची होती, मोरूशेठ. लाकडाला मीठ खात नाही. त्यांना ते ठाऊक होतं, म्हणून त्यांनी लोखंड कधी त्या पाण्यात घातलं नाही. तुम्ही रीत घेतलीत आणि आज्याची अक्कल तिथेच मिठागरात ठेवून आलात. मिठागरवाल्याच्या नातवाला मीठ काय करतं हे मी सांगायचं? आणि चूक झाली, होते. माझ्याही हातून होते. पण दिव्याने सांगितलं, तुम्ही तो झाकलात. सदाने सांगितलं, तुम्ही त्याला चोर केलात. जो सांगतो त्यालाच मारायचं ठरवलं, तर उद्या तुमच्या यार्डात तुम्हाला खरं कोण सांगेल?”

नवा सेन्सर बसला, सॉकेट बदललं. चावी फिरवली. स्कॅनरवर शून्य आलं. इंजिन सुरू झालं, आणि पिवळा दिवा क्षणभर पेटून विझला.

मोरूशेठ त्या विझलेल्या दिव्याकडे बघत राहिले. आठ वर्षं! आठ वर्षं ज्या माणसाच्या हातात त्यांनी ट्रक निर्धास्त सोपवला, त्याच्यावर विश्वास ठेवायला त्यांना आठ मिनिटंही जमलं नव्हतं. ज्याने गाडी पाहिलीच नाही अशा गॅरेजवाल्याचं त्यांनी लगेच ऐकलं होतं. त्यांचा चेहरा उतरला. लाज वाटली, खरी लाज.

“सदा,” ते म्हणाले, “चुकलो मी. माफ कर. घे चावी.”

सदाने हात पुढे केला नाही. केसर पुढे झाली.

“चावीचं राहू दे शेठ. फोटोचं काय?”

“आत्ता काडतो.” त्यांनी तिथल्या तिथे फोटो काढून टाकला. ग्रुपवर आपल्या आवाजात निरोप टाकला, की चूक माझी, खारं पाणी मी मारलं, सदा चोर नाही.

“तुमच्या ग्रुपवरून गेला,” केसर म्हणाली. “तिथून पुडं धा ग्रुपांत गेलाय, त्याचं? माज्या भावाच्या फोनात हाय. गावातल्या पोरासोरांच्या फोनात हाय. तो कुटल्या मशीननं पुसनार? गावात या. चार लोकांत उभं ऱ्हावा आन् सांगा. न्हायतर चावी तुमचीच ऱ्हाऊ दे.”

एवढ्या लांब जाऊन एका ड्रायव्हरच्या गावात मान खाली घालायची? मोरूशेठच्या कपाळावरची शीर उडाली. त्यांनी कोकिळाबाईंकडे पाहिलं. त्या हात पुसत होत्या.

“माझं काम संपलं,” त्या म्हणाल्या. “हे तुमचं.”

*

रविवारी सकाळी मोरूशेठ स्वतः आपली कार चालवत निघाले. शेजारी सदा, मागे केसर. अलिबाग गेलं, रेवदंड्याचा पूल गेला, मुरूड गेलं, तरी गाडीत कुणी शब्द बोललं नाही. माफी मागितली की मन लगेच स्वच्छ होतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्या गाडीत बसायला हवं होतं.

आगरदांड्याला गाडी फेरीबोटीवर चढवली. पलीकडे दिघी दिसत होती. तिघं खाली उतरून कठड्याशी उभे राहिले. शेजारी एक टेम्पोवाला होता. तो सदाकडे बघत होता, मग फोनकडे, मग परत सदाकडे.

“तू तोच ना रे?” तो मोठ्याने म्हणाला. “डिझेलवाला?”

बोटीवरच्या वीस-पंचवीस माना वळल्या. सदाने नजर खाली टाकली. पुढे त्याचं गाव होतं, आणि गावाच्या आधीच हे! केसरने ओठ आवळले आणि मोरूशेठकडे पाहिलं. इथे मोरूशेठना ओळखणारं कुणीच नव्हतं. ते गप्प राहिले असते तरी कुणाला कळलं नसतं. पाण्याकडे बघत उभे राहिले असते, दहा-पंधरा मिनिटांत दिघी आली असती.

मोरूशेठ वळले. यार्डात गरजायचे त्याच आवाजात गरजले.

“तो चोर नाय! गाडीत खारं पानी मी मारला, दिवा मी झाकला, अन् ह्याचा फोटो पन मीच टाकला. मोरू घरत माझं नाव. काड फोन! काड, माझा फोटो काड! अन् खाली लिही, यानं इमानदार मानसाला चोर ठरवला. टाक जिथं तुला त्याचा मिलाला तिथं!”

टेम्पोवाला गोंधळला, फोन खिशात घालायला लागला.

“काड बोल्लो ना!”

त्याने काढला. मोरूशेठ नीट समोर बघत उभे राहिले, फोटो निघेपर्यंत. कुणी हसलं नाही.

बोट दिघीच्या धक्क्याला लागायला आली तेव्हा सदा बोलला. दिवसभरातलं त्याचं पहिलं वाक्य.

“सोमवारी येतो शेठ. पन दिवा पेटला की मी फोन करनार.”

“कर.”

“आन् स्टिकर लावायचं न्हाय.”

“नाय लावनार,” मोरूशेठ म्हणाले. केसरने गाडीचं दार उघडलं आणि या वेळी ती पुढच्या सीटवर बसली, शेठच्या शेजारी. गावात शिरताना लोकांना आपण पुढे बसलेलं दिसावं, असं तिला वाटत होतं.

मंडळी, दोष शोधायला इंजिनापर्यंत वाकावं लागतं, हात काळे करावे लागतात. माणसावर बोट ठेवायला काही लागत नाही, म्हणून आपण आधी तेच करतो. आणि जो आपल्याला बिघाड सांगायला येतो, त्याच्यावरच बहुतेक वेळा ते बोट जातं. ही सवय मोडलीच पाहिजे! आज तुमच्याही फोनात असाच कुणाचा तरी फोटो आला असेल, खाली दोन ओळी असतील. तो पुढे पाठवण्याआधी एवढंच विचारा, की केबिन उचलून आत कुणी पाहिलं होतं का?